घोण माणसाळत नाही, भावा

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर घोणीचा, म्हणजे मोठ्या गोमेचा, एक फॉरवर्ड फिरायला लागतो: 'घोण पाळणं मांजरापेक्षा सोपं. बरणीत कोरडी वाळू टाका, आठवड्याला एक झुरळ द्या, रोज हातावर घ्या, महिन्यात माणसाळते. चावली तरी मुंगीएवढंच. एकटी कंटाळते, जोडीनं ठेवा. दाजीपूरला दगडाखाली फुकट मिळते.' यातलं झुरळ तेवढं खरं.

कोरडी वाळू म्हणजे तिला मारायची सोय. अंगातलं पाणी धरून ठेवणारा मेणचट थर झुरळाला असतो, तसा घोणीला नसतो, आणि तिला श्वासाची छिद्रंही नीट मिटता येत नाहीत. उघड्यावर ती भराभर वाळते. म्हणून तर दगडाखाली, पालापाचोळ्यात नाहीतर न्हाणीच्या मोरीत सापडते. पाळायचीच तर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) जाड थर, वर सालीचा तुकडा आणि उथळ वाटीत पाणी. कोकोपीट मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. डबा तिच्या लांबीपेक्षा बराच उंच पाहिजे, कारण ती मागच्या पायांवर उभी राहून कड गाठते. चपट्या अंगाला फट किती लागते, हे झाकण ढिलं ठेवणाऱ्याला रात्री कळतं.

माणसाळण्याचं म्हणाल, तर तिला धड दिसतच नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं मिशांनी चाचपून. तुमचा हात तिच्या लेखी एक तर वाट, नाहीतर शिकार. डोक्यामागची पायांची पहिली जोडीच विषाची नांगी झालेली असते. मोठी घोण डसली की हात सुजतो, ठणका तासन्‌तास राहतो. माणूस दगावणं फार दुर्मिळ, पण 'मुंगीएवढं' लिहिणाऱ्याला डसलेली दिसत नाही. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवला की बरंच हलकं वाटतं. दम लागला, अंगावर गांधी उठल्या, तर मात्र थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठायचं.

जोडी लावली तर बहुतेक वेळा एकच उरते, तीही पोट भरलेली.

आणि गंमत बघा, हीच घोण अंड्यांभोवती वेटोळं घालून आठवडेच्या आठवडे बसते, बुरशी धरू नये म्हणून ती चाटत राहते. सारखं झाकण उघडून बघणारा मालक असला तर अंडी खाऊनही टाकते.

राहिलं 'फुकट'. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं. तिथनं परवानगीशिवाय वन्यजीव उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वनखात्यानं गाडी तपासली, तर फॉरवर्ड दाखवून सुटका होणार नाही.