पाकणीचं पेट्रोल आणि पंपावरचा बोर्ड

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ठरावीक कंपनीच्याच पंपावर पेट्रोल भरा, बाकी सगळीकडे भेसळ. पावर पेट्रोल, म्हणजे पंपावरचं महागडं पेट्रोल, टाकलं की इंजिन साफ होतं आणि ॲव्हरेज वाढतं. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांची इंजिनं बसतात. पेट्रोल पहाटेच भरा, १०० ऐवजी ११० रुपयांचं भरा. उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होतो. टँकर खाली होत असेल तर त्या पंपावर भरू नका.

शेवटचं तेवढं बरोबर आहे. टँकर उतरताना जमिनीखालच्या टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी ढवळून निघतं. त्या वेळी त्या टाकीतून विक्री बंदच ठेवायची असते. तरीही कोणी भरून देत असेल तर पुढच्या पंपावर जावं. बाकीचे मुद्दे एकेक करून पाहू.

‘अमुक कंपनीचंच चांगलं’

हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत येते. सरकारी तेल कंपन्या एकमेकींच्या रिफायनरीतला आणि टर्मिनलमधला, म्हणजे साठवणुकीच्या डेपोतला, माल करारानं उचलतात. म्हणून पंपावरच्या बोर्डाचा रंग बघून आतलं पेट्रोल कुठल्या रिफायनरीचं, हे सांगता येत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू आहे. गंधक १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भागांच्या) आत, १५ अंश सेल्सिअसला घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो या मर्यादा सगळ्यांना सारख्याच आहेत. होटगी रोडवर भरलं काय किंवा सीमेपलीकडे विजयपूरला भरलं काय, मानक एकच.

कंपनीप्रमाणे खरा फरक पडतो तो ॲडिटिव्हमध्ये, म्हणजे चिकट थर-कार्बन साचू न देणाऱ्या रसायनात. ते टँकर भरताना मिसळतात. काही खासगी कंपन्या साध्या पेट्रोलमध्येही ते घालतात, सरकारी कंपन्या मुख्यतः महागड्या पेट्रोलमध्ये. अमेरिकेत २००४ पासून गाडीकंपन्यांनी ‘टॉप टियर’ नावाचं मानक ठेवलं आहे आणि तिथे तो शिक्का पाहून पंप निवडण्यात अर्थ आहे. मेसेजमधला सल्ला बहुधा तिकडून उचललेला आहे. आपल्याकडच्या पंपावर असा शिक्काच नसतो.

कंपनीपेक्षा मोठा फरक पंपापंपात असतो. पावसाळ्यात टाकीच्या तोंडाचं झाकण किंवा त्याचा रबर खराब असेल तर पाणी आत झिरपतं. ज्या पंपावर खप कमी तिथे माल बरेच दिवस पडून राहतो. पेट्रोल सोडणाऱ्या मशिनचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर गाळ थेट तुमच्या टाकीत येतो. यातलं काहीच बोर्डावर दिसत नाही. म्हणून महामार्गावरचा किंवा शहरातला भरपूर खपाचा पंप निवडावा, शक्यतो एकच धरावा आणि बिल घ्यावं. गाडी बिघडली तर कुठल्या पेट्रोलनं बिघडली, हे तेव्हाच सांगता येतं.

‘भेसळ असतेच, पण कळत नाही’

भेसळ हा काल्पनिक विषय नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळीचा अड्डा पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारलं गेलं. तेव्हा रेशनचं स्वस्त रॉकेल मुबलक होतं. आज ते फारसं उरलेलं नाही, त्यामुळे रॉकेलची भेसळ पूर्वीइतकी परवडत नाही. पण सॉल्व्हंट, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळून जाणारी कारखान्यातली द्रावकं, अजून आहेत, त्यामुळे तपासणी सोडू नये.

तपासायच्या तीन गोष्टी पंपावरच मिळतात आणि मागितल्या तर द्याव्याच लागतात.

पहिली, फिल्टर पेपर. नोझलचं तोंड पुसून एक थेंब पेपरवर टाका. साधारण दोन मिनिटांत तो उडून गेला पाहिजे आणि तेलकट डाग राहता कामा नये. डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेलचा संशय. हलकं सॉल्व्हंट मात्र यात सापडत नाही, तेही उडून जातं.

दुसरी, घनता. इथे चांगली माणसंही फसतात. मशिनवर लिहिलेली घनता १५ अंशांची असते. समजा तिथे ७४८ लिहिलंय. मे महिन्यातल्या दुपारी तुम्ही जारमध्ये हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती काचनळी) सोडलात, पेट्रोलचं तापमान ४० अंश आहे आणि तो ७२७ दाखवतोय. लगेच ‘भेसळ, भेसळ’ म्हणून व्हिडिओ काढला जातो. प्रत्यक्षात पेट्रोल दर अंशाला साधारण ०.८५ नं हलकं होतं, म्हणजे २५ अंशांना २१. हिशोब बरोबर जुळला! म्हणून हायड्रोमीटरबरोबर थर्मामीटर बुडवायचा आणि पंपावरच्या तक्त्यातून आकडा १५ अंशांवर आणायचा. मग नोंदीतल्या आकड्याशी ३ पेक्षा जास्त फरक आला तरच तक्रार करायची. घनता जुळली म्हणजे माल शंभर टक्के शुद्ध, असंही नाही. सॉल्व्हंटचं मिश्रण घनता जुळवून करता येतं आणि ऑक्टेन फक्त प्रयोगशाळेत कळतो.

तिसरी, माप. वैधमापनचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप मागा. २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त तूट आली तर नाही.

‘पावर पेट्रोलनं ॲव्हरेज वाढतं’

ऑक्टेन म्हणजे ताकद, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. दाबाखाली पेट्रोल प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटू नये, याला विरोध करण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ते आधीच पेटलं तर चढावर टॉप गिअरमध्ये रेस दिली की इंजिनातून टकटक ऐकू येते. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला हा विरोध जास्त लागतो. १००-१२५ सीसीच्या रोजच्या गाडीला लागत नाही. तिच्यात ९९-१०० ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

शिवाय साध्या पेट्रोलला पूर्वी ९१ ची अट होती. आता २० टक्के इथेनॉल असल्यामुळे साधं पेट्रोलच ९५ च्या आसपास पोचलं आहे. ‘९५ वालं’ म्हणून जास्त पैसे देताना हे लक्षात ठेवावं.

हिशोब करून पाहा. साधं १०५ ला आणि पावर ११२ ला धरलं, तर पैसे वसूल व्हायला १८ चं ॲव्हरेज १९.२ व्हावं लागेल. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेनची गरजच नाही, त्यात हे होत नाही. खात्री करायची असेल तर ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुन्हा त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. निदान तीन टाक्यांची सरासरी काढा. डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका.

साफसफाईचा दावा अर्धा खरा आहे. जिथे इंजेक्टर वाल्व्हच्या आधी, इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या मार्गात) फवारतो, तिथे ॲडिटिव्ह वाल्व्हवरून धुवत जातं. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक वाल्व्हला शिवतच नाही. तिथला कार्बन कितीही महाग पेट्रोलनं निघणार नाही. फायदा झाला तर इंजेक्टरच्या टोकाला होतो. गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाआत जो ऑक्टेन लिहिलाय, तो पाळावा. पुस्तकात ९५ च्या वरचं सांगितलं असेल तर मात्र पैसे वाचवायला जाऊ नये.

‘इथेनॉलनं इंजिन बसतं’

सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की हा विषय इथे घराघरातला आहे. म्हणूनच तो नीट मांडायला हवा. ॲव्हरेज कमी होतं, हे खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि १० टक्के इथेनॉलसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के घट सांगितली आहे. ‘काहीच फरक नाही’ म्हणणारेही चूक आणि ‘निम्म्यावर आलं’ म्हणणारेही चूक. निम्म्यावर आलं असेल तर चाकातली हवा, एअर फिल्टर आणि क्लच आधी बघा.

इंजिन ‘बसतं’ याला आधार नाही. त्रास होतो तो भोवतालच्या भागांना. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रबरी नळ्या, ओ-रिंग फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून गाडी वेगात गेली की मिसिंग करते. अशा गाडीचा पेट्रोल फिल्टर बदलून घ्यावा आणि वर्षातून एकदा नळ्या दाबून, वाकवून पाहाव्यात. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, किंवा कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करा.

पहाटे, ११० आणि स्फोट

पेट्रोल जमिनीखाली असतं, तिथलं तापमान दिवसभरात जेमतेम हलतं. अगदी ५ अंशांचा फरक धरला तरी १० लिटरमागे ५०-६० मिली होतात. ११० च्या आकड्यात काही जादू नाही, मशिन लिटरच मोजतं. शून्य पाहा आणि मध्येच थांबवून पुन्हा सुरू करू देऊ नका.

टाकी फुल्ल केली म्हणून उन्हानं स्फोट होत नाही. नुकसान होतं ते ऑटो कटनंतर ‘राउंड फिगर कर’ म्हटल्यामुळे. कटनंतर टाकीत जी मोकळी जागा उरते ती वाफेसाठी असते. ती वाफ कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, जाते. वरून आणखी पेट्रोल कोंबलं की वाफेऐवजी द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं, कोळसा भिजतो. मग पेट्रोलचा वास येतो, भरल्यानंतर गाडी लवकर सुरू होत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कॅनिस्टर बदलावा लागतो.

पाणी आलंच तर

पंपावरून निघून थोड्याच अंतरात गाडी झटके देत बंद पडली तर पहिला संशय पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषतं. मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि गाडीचा पंप तळातूनच ओढतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, ते पाणी इंजेक्टरपर्यंत जातं. गाडी टो करा, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, लाइन धुवून घ्या. काढलेलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत मेकॅनिकसमोर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर फोटो, बिल आणि बाटली घेऊन त्याच दिवशी पंपावर जा, डिप रॉडला (खोली मोजायच्या दांड्याला) वॉटर पेस्ट लावून तो पंपाच्या टाकीत सोडायला सांगा, पेस्टचा रंग बदलतो का ते स्वतः पाहा आणि तक्रारवहीत लेखी नोंद करा. पंपावर लावलेल्या फलकावर कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर असतो, त्याला तिथूनच फोन लावा.