क्षमा केली म्हणजे तक्रार मागे घेतली असं नाही

ताई, तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळत होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. मागच्या लेखात मी लिहिलेलं की आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी माफ केलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की क्षमा ही दुबळ्यांची भाषा आहे, तुमच्या किचनचं छत तर गळतंच आहे मग त्या माफीचा उपयोग काय, आणि असल्या श्रद्धेनेच बायकांना पिढ्यानपिढ्या गप्प बसवलंय.

शेवटचं आधी घेते, कारण ते खरंय. माझ्या मावशीचा नवरा दारू पिऊन मारायचा तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मोठ्या माणसांनी तिला हेच सांगितलेलं, प्रार्थना कर, सोस, प्रभूनेही सोसलं. ती सोसत राहिली. एकदा मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही, भाकरी थापताना तिचा डावा हात कसा तिरका पडायचा ते मी लहानपणी चुलीशेजारी बसून बघितलंय. त्या सल्ल्याचा मला आजही राग येतो, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागल्यापासून जास्तच येतो.

कारण दुसरा गाल पुढे कर हे सगळ्यांना पाठ असतं, पण महायाजकासमोर, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूसमोर, शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा येशूने गाल पुढे केला नाही, त्याने सरळ विचारलं की मी वाईट बोललो असेन तर दाखव काय ते, आणि बरोबर बोललो असेन तर मारतोस कशाला? बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात आहे. आणि मत्तयाच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र याला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलंय ना, त्याच्या जरासं आधी येशू काय सांगतो ते बघा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला त्याची चूक सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला कळव. म्हणजे तक्रार कशी करायची हेही तिथेच शिकवलंय! हे अर्धं आपण लोकांना सांगतच नाही आणि मग तुमच्यासारखं कुणीतरी चिडतं, ते साहजिकच आहे.

गप्प बसण्याचंच म्हणाल तर पंडिता रमाबाई बघा. १८८३ मधे त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ मधे आपल्या मुंबईतच विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, आणि १८९७ च्या प्लेगमधे पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल चालले होते त्याबद्दल मुंबईच्या पेपरात उघड पत्र लिहिलं. सरकार आपल्याच धर्माच्या माणसांचं आहे, जाऊ दे, असं नाही केलं त्यांनी.

आता माझी गळती. इथे चूक माझी आहे, मी मागच्या लेखात अर्धीच गोष्ट सांगितली. दोन पावसाळे झाले, गॅसच्या बरोब्बर वर ओल आहे, पोपडे पडतात, कणीक मळताना परात झाकून ठेवावी लागते. मी आधी एकटी वर गेले, त्यांनी दार लावून घेतलं. मग समोरच्या काकांना आणि सेक्रेटरींना घेऊन गेले. मग सोसायटीला लेखी दिलं, कारण बाथरूम-सिंकमुळे होणारी आतली गळती त्या त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असं सोसायटीच्या उपविधीतच, म्हणजे नियमांतच, आहे. ते पत्र मी मागे घेतलेलं नाही, जूनमधे रिमाइंडरही दिलंय. छत मी माफ केलेलं नाही ताई, छत दुरुस्तच व्हायला पाहिजे.

मी माफ केलं ते वेगळंच आहे. पत्र गेल्यावर लिफ्टमधे, माझ्या मुलीसमोर, त्या म्हणाल्या, "बाटग्यांनी आम्हाला नियम शिकवायचे का आता?" मुलगी नववीत आहे, तिने घरी येऊन विचारलं आई बाटगे म्हणजे काय गं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्याला कुठल्या उपविधीत कलम नाहीये. त्याचं काय करायचं ते मला एकटीलाच ठरवायचं होतं. आणि ते एकदा ठरवून संपत नाही हो, लिफ्टचं दार उघडलं की ते वाक्य परत ऐकू येतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, सत्तर गुणिले सात हा आकडा कशासाठी आहे ते मला तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जाताना कळलं.

मागच्या महिन्यात त्यांचा पाय मोडला, मुलगा दिवसभर ऑफिसात, तर मी दुपारचा वरणभात वर नेऊन देते. बोलत नाहीत फारसं. पण डबा धुऊन परत देतात.

गुरुवारी प्लंबर येतोय, सोसायटीनेच लावून धरलं. त्यांना प्लास्टरमुळे उठता येत नाही, म्हणून दार उघडायला आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतली पाणी जायची जाळी-वाटी, खोलेपर्यंत तिथे थांबायला मीच जाणार आहे. बिल त्यांच्या नावाने होईल, ते सेक्रेटरींशी बोलून ठेवलंय.