आमेन म्हटलं की संपतं

"येशूचा जन्म कुठे झाला?" माझ्या आईने आमच्या शमुवेलला विचारलं. पोरगं साडेतीन वर्षांचं. बिस्किट चहात बुडवता बुडवता, जराही विचार न करता म्हणालं, "मॉलमध्ये."

उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. गोठा, गव्हाणी, मेंढरं आणि उंटावरचे तीन मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष, हे सगळं त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. डिसेंबरात, मॉलच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याशेजारी. पण आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. आई मनमाडची. वडील रेल्वेत, आणि रविवारी चर्चमध्ये नाही म्हणजे माणूस एकतर ड्यूटीवर नाहीतर दवाखान्यात, असा आमच्या घरचा हिशोब. ती रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. संध्याकाळी निघताना फक्त म्हणाली, "तुझे बाबा तुला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. भर पावसात."

लग्नानंतर आम्ही नाताळापुरते ख्रिस्ती उरलो होतो. नाताळ, ईस्टर आणि कुणाचं तरी लग्न. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळयेशूच्या यात्रेला जायचो, पण तिथेही पोरांचा अर्धा वेळ फुग्यांच्या आणि शिट्ट्यांच्या स्टॉलवर जायचा. आता दर रविवारी जायचं असं ठरलं, तेव्हा मी बायकोला धीर देण्यासाठी इतिहास काढला. म्हटलं, "नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या इथल्या, जलालपूरच्या. त्यांना त्याच वाटेने यायला आणखी पाच वर्षं लागली. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, मग आपण कोण?"

सरिता इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना धर्म बदलायचा होता. आपल्याला फक्त साडेआठला पोचायचंय."

साडेआठ! नाशिकमध्ये राहणाऱ्याला ह्या वेळेचा अर्थ सांगायला नको. रविवारी सकाळी साडेआठला ह्या शहराचं खरं दैवत, मिसळीचा रस्सा, पातेल्यात उकळत असतं. मखमलाबादकडे बघा, गंगापूर रोडला बघा, माणसं सहकुटुंब, शिस्तीत, रांगेत उभी. कुणी उशिरा येत नाही, कुणाचं पोर रडत नाही, 'अजून एक पाव' ही प्रार्थना सगळ्यांना पाठ. आम्हीही त्याच पंथाचे. त्यामुळे चर्चला जायचं म्हणजे आमच्या घरी धर्मांतरच होतं, सरिता काहीही म्हणो.

पहिल्या रविवारी आम्ही सहाला उठलो. अडीच तास हातात. एवढ्या वेळात माणूस नाशिकहून मुंबईच्या निम्म्या रस्त्याला लागतो. आम्ही मात्र आठ वाजून पाच मिनिटांनी एकाच बुटाच्या शोधात होतो. सात वर्षांच्या रूथला पांढरा फ्रॉक हवा होता, पांढऱ्या फ्रॉकवर दुधाचा कप पडला, निळा चालेना, कारण "चर्चमध्ये पांढराच असतो, आजीने सांगितलंय." शमुवेलने चड्डी घालायला तत्त्वतः नकार दिला. बूट शेवटी फ्रीजमध्ये सापडला. कुणी ठेवला ह्याची चौकशी अजून चालू आहे.

एका स्कूटरवर चौघं निघालो. सिग्नलला पोलिसमामांनी पाहिलं, पण रूथच्या हातातलं बायबल बघून मान दुसरीकडे वळवली. चर्चमध्ये पाऊल टाकलं तेव्हा आठ बावन्न झाले होते. दुसरं गीत चालू होतं, पेटी-तबल्यावर, अगदी अभंगाच्या चालीवर, आणि दाराचं बिजागर असं काही करकरलं की तबलजीचा ठेका चुकला. आमचं चर्च कुठलं ते मी सांगणार नाही. बिजागराला अजूनही तेल घातलेलं नाही.

बसायला जागा मिळाली ती पुढून दुसऱ्या बाकावर. नवख्यांनी हे लक्षात ठेवावं: जिथे जागा रिकामी दिसते ती रिकामी का आहे, ह्याचा विचार आधी करावा. मागचे बाक जाणत्या आईबापांनी आठ पंचवीसलाच धरून ठेवलेले असतात.

त्यात आमच्या घरात गुडघ्यांचा एक जुना वाद आहे. माझे वडील अँग्लिकन वळणाचे, प्रार्थना म्हटली की गुडघे टेकणारे. सरिताचं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनचं. तिथे बसल्या जागी मान खाली घातली की पुरे. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्च-मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं खरं, पण गुडघ्यांचं एकीकरण राहूनच गेलं. मी टेकलो, ती बसली, रूथ दोघांकडे बघत अर्धवट वाकून थांबली आणि शमुवेल बाकाखालून सरळ पहिल्या ओळीत निघाला.

दानाची थैली आली. त्याच्या हातात वीसची नोट दिली होती. त्याने ती आत टाकली, हात पुढे केला आणि थैली धरणाऱ्या काकांना विचारलं, "सुट्टे?"

इथपर्यंत ठीक होतं. लोक हसले, पण मायेने. प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" आलं, तेव्हा "मला भाकर नको, पाव" अशी दुरुस्तीही त्याने सुचवली, आणि तीही पोटात घातली गेली. आमच्या बाकाच्या टोकाला नऊवारीतल्या एक मावशी होत्या. त्यांनी बटव्यातून लिमलेटची गोळी काढून त्याच्या तोंडात सरकवली आणि त्या परत डोळे मिटून प्रार्थनेत शिरल्या. बटवा बंद करायलाही डोळे उघडावे लागले नाहीत. चाळीसेक वर्षांचा सराव असणार.

खरा घोटाळा झाला संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, वेळी. झालं असं, की आदल्या रात्री सरिताने त्याला समजावून ठेवलं होतं: "प्रार्थना चालू असताना बोलायचं नाही हं. 'आमेन' म्हटलं की संपतं." पोराने ह्यातला कामाचा भाग तेवढा घेतला. पाळकसाहेबांचा संदेश सुरू होऊन बाराएक मिनिटं झाली होती. येशूच्या दाखल्यातला, बापाचा पैसा उडवणारा उधळ्या पुत्र नुकताच डुकरांमध्ये पोचला होता. शमुवेल बाकावर उभा राहिला आणि छातीत हवा भरून ओरडला,

"आमेन!"

आणि मागून निम्म्या मंडळीने, सवयीने, एका सुरात साथ दिली, "आमेन."

दोन आजोबा तर उठून काठी शोधायला लागले. पेटीवाल्याने भात्यावर हात ठेवला. पाळकसाहेब थांबले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "उधळ्या पुत्राला घरी आणतो आणि थांबतो." आणि खरोखर चार मिनिटांत घरी आणला. उपासनेनंतर तीन अनोळखी माणसांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "येत जा हं दर रविवारी. मुलाला घेऊन."

पण त्या क्षणी मला ही लोकप्रियता दिसत नव्हती. मी पोराला काखेत मारून दाराकडे निघालो होतो. चौदा किलोंचा ऐवज, हातपाय चौफेर चालू, एक बूट वाटेत गळालेला. नवऱ्या मुलीला वेदीपर्यंत जायला दोन मिनिटं लागतात, ती वाट उलट्या दिशेने मला संपता संपेना. मला त्या वेळी, का कोण जाणे, जेकब वेनराइट आठवला. आफ्रिकेतला तरुण, गुलामगिरीतून सुटलेला, आणि आपल्या शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेला. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचा देह जवळजवळ नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. त्यांत हा होता. नाशिकला शिकलेला माणूस पुढे त्या देहाबरोबर लंडनला गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर राहिला. आणि मी, नाशिकलाच शिकलेला, दुसऱ्या बाकापासून दारापर्यंत घामाघूम. अर्थात एक फरक आहे. लिव्हिंग्स्टन चावत नव्हता.

बाहेर कडुलिंबाखाली पोचल्यावर कळलं की तिथे एक दुसरी मंडळीच भरलेली असते. चार-पाच बाप, दोन आया, एक आजी, सगळ्यांच्या कडेवर किंवा बोटाला काहीतरी. आतून लाउडस्पीकरवरून संदेशाची वाक्यं तुटक तुटक येतात. पुढचे पाच महिने मी तिथलाच सभासद झालो. ह्या पाच महिन्यांत मी सगळे मिळून अर्धा तास संदेश ऐकला असेन, आणि सूचना तर एकही नाही. सूचनांच्या वेळेला शमुवेलला नेमकी शू लागते. सरिताला मी एकदा म्हटलं, "बायबलातल्या हन्नाने काय केलं? आपल्या शमुवेलाला मंदिरात एली याजकाच्या हवाली केलं आणि ती घरी गेली. तिला ते जमलं." सरिता म्हणाली, "विचारू का पाळकसाहेबांना, ठेवून घेताय का म्हणून?" पाळकसाहेबांना स्वतःची तीन आहेत. सगळ्यात धाकटं कडुलिंबाखालीच असतं.

रूथची गाडी मात्र रुळावर होती. संडे स्कूल तिला मानवलं. तिथल्या बाईंचा नियम होता, जो पहिला हात वर करील त्याला चांदणीचा स्टिकर. नोव्हेंबरपर्यंत आमच्या फ्रीजचं दार आकाशगंगेसारखं झालं. आणि हा नियमच आम्हाला महागात पडला.

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. ज्याच्या घरी जे पिकेल ते त्याने आणायचं: कुणी बाजरीची कणसं, कुणी कोथिंबिरीच्या जुड्या, कांद्याची गोणी, भोपळे, आणि ज्यांच्या घरी फक्त हप्ते पिकतात त्या आमच्यासारख्यांनी केक. उपासना झाली की अंगणात लिलाव. पैसे मंडळीच्या कामाला. लिलाव पुकारणारे काका बाजार समितीत मुरलेले. एका लिंबाचे त्यांनी दोनशे दहा केले, तेव्हा मी हसलो. तेवढ्यात त्यांनी पाय बांधलेला कोंबडा उचलला. तांबडा, तुरेबाज, अस्सल गावरान. सरिताने मला कोपर मारलं. त्या कोपरात काळा मसाला, खोबरं, रात्रीचा रस्सा, सगळं होतं.

मी म्हटलं, "तीनशे."

पुढून कुणीतरी चढवलं. "साडेतीनशे आले!" काका ओरडले. मी चारशे. पुढून साडेचारशे. समोर माणसांची भिंत, प्रतिस्पर्धी दिसेना. मला चेव चढला. पाचशे, सहाशे, सातशे. लोक माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, कौतुकाने. "आठशे पन्नास! कोण म्हणतं नऊशे?" मी म्हटलं. "नऊशे एक वार, नऊशे दोन वार..." आणि गर्दी थोडी बाजूला झाली. पुढे संडे स्कूलच्या सतरंजीवर आमची रूथ बसलेली, उजवा हात ताठ वर, चेहऱ्यावर स्टिकरची अपेक्षा.

सहाशे रुपये मी माझ्याच मुलीशी झगडून वाढवले होते. मी काकांना म्हटलं, "अहो, तुम्हाला दिसत होतं ना?" ते म्हणाले, "दिसत होतं की. पण मंडळीचं काम आहे. आपण कोण आडवं येणार?"

घरी येईपर्यंत रूथने कोंबड्याचं नाव ठेवलं. पेत्र. मी विचारलं, पेत्र का? तर तिने मला ती सगळी गोष्ट सांगितली, पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि मग कोंबडा कसा आरवला ती, एकही चूक न करता, डोळ्यांत पाणी आणून. मी ती गोष्ट इतकी नीट कधीच ऐकली नव्हती. लहानपणी बहुधा मीही कुठल्या तरी कडुलिंबाखाली असणार. नाव पडलं तसा रस्सा संपला. नावाचा प्राणी कोण कापणार? पेत्र बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी राहायला आला.

पुढच्या रविवारी तो पावणेपाचला आरवला. एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग मोजणं सोडून दिलं. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी फोन केला नाही, थेट वर आले. असो. पण पावणेपाचला उठल्यावर काय होतं बघा. सव्वासातला चौघं तयार. दोन्ही बूट दोन्ही पायांत. पांढरा फ्रॉक पांढरा. सात चाळीसला आम्ही चर्चच्या फाटकाशी, इतिहासात पहिल्यांदा वेळेआधी. मी शेवटच्या बाकाची मनोमन निवडही केली होती.

फाटकाला कुलूप. आत वॉचमन झाडून काढत होता.

"एवढ्या लवकर?" तो म्हणाला. "आजपासून उपासना नऊला आहे साहेब. थंडी ना. गेल्या रविवारी सूचनांमध्ये सांगितलं की."

सरिताने माझ्याकडे बघितलं. मी सरिताकडे. शमुवेलने वॉचमनला विचारलं, "आमेन झालं?" तब्बल एक तास वीस मिनिटं हातात. थंडीत दोन पोरांना घेऊन फाटकाशी किती वेळ उभं राहणार? मी काही बोललो नाही, तीही नाही. स्कूटर आपोआप मखमलाबादकडे वळली.

नऊ वीसला बिजागर करकरलं. आम्ही वाकून, चोरपावलांनी शेवटच्या बाकाकडे निघालो, तर तो भरलेला. दुसऱ्या बाकावर मावशींच्या शेजारी बसलो. रूथच्या फ्रॉकवर, बरोबर मध्यभागी, तर्रीचा लालभडक ठिपका. प्रार्थना चालू होती. मावशींचे डोळे मिटलेले. त्यांनी नाक किंचित वर केलं, दोनदा हुंगलं आणि डोळे न उघडता माझ्याकडे झुकून हळूच विचारलं,

"कुठली?"