नमुना शेवटच्या नळाचा घ्या
गावच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासण्यावरच्या लेखात ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन घालून पाण्यात उरलेलं क्लोरीन पिवळ्या रंगावरून मोजायची चाचणी) टाकीजवळच केल्याचं दिसतं. तिथे क्लोरीन मिळणारच! खरी परीक्षा वाडीतल्या शेवटच्या नळावर. तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. पिवळा रंग लगेच वाचा, उशिरा वाचलात तर बांधील क्लोरीनही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलं गेलेलं, कमी प्रभावी) मोजलं जातं. पाण्यात लोह-मँगनीज असेल तरी रंग फसवतो.

जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेलीच हवी, आतून विसळू नका. थायोसल्फेट नसेल तर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतं आणि अहवाल खोटा ‘पिण्यायोग्य’ येतो. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. आणि टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं उघडं, ओलसर खोलीत पडलं असेल तर नेहमीचं माप घालूनही क्लोरीन कमीच भरेल.