"मनापासून मागितलं नसेल" म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. तुमची कमेंट परवाच वाचली होती, लगेच लिहायला बसलो असतो तर काहीतरी वाकडं गेलं असतं म्हणून थांबलो. आताही जाईल बहुतेक.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की धाकटा भाऊ गेल्यापासून नवस, साकडं, प्रार्थना सगळं सोडलं, वर कोणी ऐकत बसलंय असं मला वाटत नाही. त्यावर अमळनेरच्या ह्या ताई म्हणतात, "अरे बाळा, कानबाईचा दिवस धड माहीत नाही आणि देवावर लिहायला निघालास. देव प्रत्येकाचं ऐकतो, कधी हो म्हणतो, कधी थांब, कधी नाही. तुमच्या घरच्यांनी मनापासून मागितलं नसेल." पुढे त्यांच्या मुलाची नोकरी, मनुदेवीचा नवस, प्रार्थनेनं आजारी बरे होतात असं सांगणारं अमेरिकेतलं संशोधन, आणि शेवटी तीन हात जोडलेले इमोजी.

आधी तुमचं बरोबर आहे ते. कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणात घरोघरी बसणारी देवी, नागपंचमीला बसते असं मी लिहून गेलो, ती नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी विसर्जन. चूक माझी, पोस्टमध्ये दुरुस्त करतोय.

आता "बाळा". माझं वय सत्तेचाळीस आहे ताई, पोरगी बारावीला आहे. आपली ओळख नाही, तुम्ही मला कधी पाहिलं नाही, आणि एखाद्याच्या घरातल्या मयताबद्दल बोलताना आधी बाळा म्हणायचं, मग चापट मारायची आणि शेवटी हात जोडायचे, ह्याला आमच्याकडे पारोळ्याच्या बाजूला गोड बोलून कान कापणं म्हणतात. शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं.

आणि ते "मनापासून मागितलं नसेल". हे वाक्य टाईप करायला तुम्हाला किती सेकंद लागले असतील?

भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पहाटेच्या एसटीनं जळगाव, संध्याकाळी परत, आणि येताना तो खिडकीला डोकं टेकून गप्प. आईची किडनी जुळली नाही, त्याचा तिला असा अपराध वाटायचा की जणू तिनंच मुद्दाम लपवून ठेवली. मग तिनं सप्तशृंगीला बोलून घेतलं, चैत्रात पायी गडावर येईन, अनवाणी. २०११ ला गेली. २०१२ ला परत गेली, तेव्हा मी सोबत होतो. ज्यांनी चैत्र पौर्णिमेची ती पायी यात्रा बघितलीय त्यांना माहीत आहे, धुळ्याच्या पुढे मालेगावकडे दुपारी डांबर अक्षरशः चिकटतं पायाला, म्हणून लोक रात्रीच चालतात आणि दिवसा शाळेत नाहीतर कोणाच्या शेडमध्ये पडून राहतात, गावोगावचे लोक पाणी घेऊन उभे असतात, त्यांच्याबद्दल मला आजही आदरच आहे. आईच्या टाचेला फोड आला होता, लिंबाएवढा. तिनं पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वरून एरंडाचं पान बांधलं आणि उठली. मी म्हणलं गाडीत बस, गडाच्या पायथ्याला नांदुरीला उतर, देवी काय मोजायला येणार आहे का? तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढे दोन तास मी बोललोच नाही.

गडावर गर्दीत आम्हाला मूर्तीसमोर किती वेळ मिळाला असेल, दहा सेकंद? अठरा हातांची ती एवढी मोठी मूर्ती, पुजारी पुढे चला पुढे चला ओरडतोय, आणि आई फक्त एकच म्हणत होती, "मना पोऱ्याले वाचाडजो माय." तीन वेळा म्हणाली. मागच्या बाईनं ढकलली तर चौथ्यांदा.

आषाढात भाऊ गेला.

आता सांगा, ह्यात मन कुठे कमी पडलं? किती ग्राम? तुमच्याकडे मोजायचं माप असेल तर आम्हाला पण द्या.

बाकीचं पटकन. हो-थांब-नाही ह्या तीन उत्तरांत बसणार नाही असं जगात काय उरतं? आमच्या गावच्या वायरमनला फोन लावला तरी लाईट येते, उशिरा येते नाहीतर येत नाही, त्याला कोणी अजून देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. अमेरिकेतलं संशोधन म्हणजे तुम्ही बहुतेक १९८८ चं म्हणताय, सॅन फ्रान्सिस्कोचं, ३९३ हृदयरुग्णांचं, त्यात थोडा फरक दिसला होता खरा. पण मग २००६ चं पण सांगा ना, ते कितीतरी मोठं होतं, बायपासचे १८०२ पेशंट, आणि पैसे टेम्पलटन फाउंडेशनचे, ते काही देवाचे वैरी नव्हेत. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांच्यात ऑपरेशननंतर गुंतागुंत ५२ टक्के, ज्यांच्यासाठी नाही केली त्यांच्यात ५१, आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९. तुमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, मला वाटलं होतं तिकडची हवा तरी लागत असेल.

मुलाचं अभिनंदन. त्याच्यासोबत मुलाखतीला जे बाकीचे बसले होते त्यांच्या आया घरी काय करत होत्या तेवढं एकदा विचारून बघा. (हे जास्त झालं, पण ठेवतो.)

"मग कानबाईचे रोट कशाला खातोस" हा तुमचा प्रश्न मात्र घेतो. रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या. भाऊ गेला त्या श्रावणात आमच्याकडे रोट झाले नाहीत. पुढच्या वर्षी आई गहू काढायला बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढायची आमची रीत, ती नाव घेत घेत सुपात टाकते. वडिलांची टाकली, माझी टाकली, माझ्या पोराची टाकली, आणि चौथी मूठ भरून हात सुपावर आला आणि तिथेच राहिला. मी दारात उभा होतो. मग तिनं ती मूठ परत डब्यात सोडली, हळूच, आवाज होऊ नये तशी, आणि मला म्हणाली, "आते मांगानं काय?" आता मागायचं काय. आणि तरी रोट केले, तरी फुगडीला बायका बोलावल्या, तरी सोमवारी मीच कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर गेलो. ती मानते, मी मानत नाही, रोट दोघं खातो, आणि ते पौर्णिमेच्या आत संपवायचे म्हणून शेवटी शेवटी दुधात कुस्करून खातो. ह्यात तुम्हाला ढोंग दिसत असेल तर दिसू द्या.

कमेंट डिलीट करत नाहीये. उत्तर द्यायचं तर जरूर द्या, मला काहीही म्हणा, बाळा पण म्हणा. फक्त आईनं कसं मागितलं त्यावर परत काही लिहू नका.