टोइंगच्या पिकअपवर जादा टाकी : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : ट्रेलर मागे असताना मूळ टाकी पुरत नाही, म्हणून हौद्यात केबिनला लागून 200 ते 300 लिटरची जादा टाकी बसवावी. तिच्या वजनाने काही बिघडत नाही, उलट मागची चाके रस्ता घट्ट धरतात. टाकी उंचावर असल्याने पंप लागत नाही, इंधन आपोआप खाली उतरते. पेट्रोल असो वा डिझेल, जोडणी तीच. टाकी कायम काठोकाठ भरून ठेवावी, आणि बसवण्याचे काम म्हणजे चार बोल्ट आणि एक नळी.

या सल्ल्यामागची गरज खरी आहे. रिकामा असताना 100 किलोमीटरला 10-11 लिटर पिणारा पिकअप 3,000 किलोचा उंच ट्रेलर मागे लागला की सहज 20 लिटरवर जातो. म्हणजे 100 लिटरच्या टाकीवर, तळाशी थोडे इंधन राखून, साडेचारशे किलोमीटर मिळतात, आणि लांब ट्रेलरसह अरुंद पंपावर शिरणे, वळणे व बाहेर पडणे हे चालकाला नको नको करून सोडणारे काम असते. त्यामुळे जादा टाकी मुळातच नको, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जादा इंधन हा आधी भार आहे आणि मग पल्ला, आणि हा भार नेमक्या त्याच मर्यादेतून वजा होतो जिच्यावर ट्रेलरचा पुढचा भाग आधीच टेकलेला असतो. फिरत असलेला सल्ला हा हिशेब मांडतच नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

‘वजनाने काही बिघडत नाही’ हा त्यातला सर्वांत धोकादायक भाग आहे. डिझेलचे वजन लिटरला सुमारे 840 ग्रॅम असते, म्हणजे 200 लिटर डिझेलचे 168 किलो झाले. त्यात टाकीचा स्वतःचा पत्रा, कंस, पंप आणि नळ्या धरल्या की साधारण 230 किलोंचा आकडा येतो. आता एक पिकअप घ्या, ज्याचा पेलोड, म्हणजे गाडीवर ठेवता येणारा एकूण भार, 700 किलो आहे. ट्रेलर 3,000 किलोचा असेल, तर हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे असलेल्या जोडणीच्या, गोळ्यावर त्याच्या 10 ते 15 टक्के वजन यावे लागते, कारण त्याहून कमी आले तर ट्रेलर मागे डोलू लागतो. 12 टक्के धरले तरी 360 किलो तेथेच गेले. चालक व सोबती यांचे 150, भार वाटून देणाऱ्या हिचचे 40, सामान व हत्यारांचे 60 असे वजा केले की उरतात 90 किलो. त्या 90 किलोंत 230 किलोंची टाकी बसत नाही. येथे अडचण काठावरची नाही, मर्यादा 140 किलोंनी ओलांडली जाते, आणि तीही कुटुंबातील तिसरे माणूस गाडीत बसण्याआधी.

पेलोडचा आकडा जाहिरातीतून घेऊ नये. जाहिरातीत सर्वांत साध्या, कमीत कमी सुविधांच्या मॉडेलचा आकडा असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या कागदपत्रांत असलेला आकडा आपल्या गाडीचा असतो, आणि त्यावरही पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा व मागचा एक्सल वेगवेगळा तोलणे हाच खरा पुरावा होय. काही देशांच्या पद्धतीत गाडीच्या मूळ वजनात चालकाचे 75 किलो आधीच धरलेले असतात आणि काहींत नसतात, तेव्हा आकडा वाचताना तेवढी खात्री करून घ्यावी. मागे स्प्रिंगचे जाड पाटे किंवा स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवल्या की मर्यादा वाढते, हा समजही याच सल्ल्याच्या आधाराने पसरतो. त्यांनी गाडीची मागची बाजू वर उचलली जाते एवढेच. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांची ठरलेली क्षमता त्यामुळे किलोभरही वाढत नाही.

शिवाय पिकअप आणि ट्रेलर मिळून जे एकूण वजन निर्मात्याने ठरवलेले असते, त्यातूनही हे 230 किलो वजा होतात. ज्याची जोडी आधीच त्या मर्यादेच्या जवळ आहे, त्याने टाकी बसवली म्हणजे ट्रेलरमधून तेवढा माल उतरवणे ओघाने आलेच.

टाकीमुळे मागची चाके घट्ट धरतात आणि गाडी स्थिर होते, हा मुद्दा अर्धा खरा असल्यामुळे पटकन पटतो. रिकामा पिकअप ओल्या रस्त्यावर मागून घसरतो, त्याला हौद्यातील वजनाने फायदा होतो हे बरोबरच आहे. पण ट्रेलर जोडल्यावर तुटवडा मागच्या चाकांवरील वजनाचा नसतो, पुढच्या चाकांवरील वजनाचा असतो. दोन एक्सलांमधील अंतर 3.7 मीटर आणि हिचचा गोळा मागच्या एक्सलच्या 1.3 मीटर मागे आहे असे धरा. गोळ्यावरचे 360 किलो तरफेसारखे काम करतात : मागच्या एक्सलवर 486 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे 126 किलो उचलले जातात. सुकाणू आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे असतो, आणि तीच हलकी होतात. केबिनला लागून बसवलेल्या टाकीचे मध्य मागच्या एक्सलच्या साधारण 60 सेंटिमीटर पुढे येते, म्हणून तिच्या 230 किलोंपैकी पुढे जेमतेम 37 किलो जातात आणि उरलेले 193 मागेच पडतात. थोडक्यात, टाकीने पुढच्या चाकांची भरपाई एक तृतीयांशही होत नाही, आणि आधीच दबलेल्या मागच्या एक्सलवर मात्र जवळपास 680 किलोंचा वाढीव भार जमतो. भार वाटून देणारी हिच यातील काही भाग पुढे ढकलते. मात्र टाकी भरलेली असताना केलेली तिची जुळवणी टाकी रिकामी झाल्यावर तशीच लागू पडत नाही, कारण तोवर टाकीतील सुमारे 170 किलो डिझेल जळून गेलेले असते. जुळवणी दोन्ही स्थितींत मोजून पाहावी लागते, आणि हे कष्ट फार थोडे लोक घेतात.

ट्रेलर हौद्यातच टेकणाऱ्या फिफ्थ व्हील प्रकारचा असेल, तर हिशेब आणखी कडक होतो. अशा ट्रेलरचे 15 ते 25 टक्के वजन थेट हौद्यात येते. त्याशिवाय, गाडी मागे घेत अरुंद वळण घेताना ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या दिशेने फिरतो, आणि हौद्याच्या कडेच्या वर आलेली टाकी नेमकी त्याच्या वाटेत उभी असते. हे अंतर मोकळ्या जागेत, दुसऱ्या माणसाला बाहेर उभे करून, पूर्ण वळवून तपासल्याशिवाय अशा गाडीवर टाकी बसवूच नये.

अर्धवट भरलेल्या टाकीतील इंधन हिंदकळते, हा आक्षेप सल्ला देणारे बहुधा झटकून टाकतात. आत आडवे पडदे असलेल्या चांगल्या टाकीत हा त्रास खरोखरच कमी असतो. पडदे नसलेल्या टाकीत मात्र 100 लिटर, म्हणजे 84 किलो डिझेल, प्रत्येक ब्रेकला पुढे धावते आणि टाकीच्या सांध्यांवर आदळते. अशा टाकीला पुढे गळती लागते ती बहुधा या सांध्यांतूनच.

आता ‘पंप नको, इंधन आपोआप उतरते’ याकडे वळतो. वरची टाकी नळीने मूळ टाकीच्या भरण-नळीला जोडली की डिझेल खाली वाहते, यात शंका नाही. प्रश्न ते थांबते कधी, हा आहे. द्रव आपली पातळी शोधतो. मूळ टाकी भरल्यावरही वरच्या टाकीतील डिझेल भरण-नळीत चढत राहते आणि झाकणावर व हवा जाण्याच्या वाटेवर दाब देत राहते. नळीत तरंगता व्हॉल्व्ह असेल तर तो वाट बंद करतो. पण त्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचा एक कण अडकला, तर रात्रभर उभ्या गाडीतून वरची अख्खी टाकी जमिनीवर उतरू शकते, आणि गाडी उतारावर उभी असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून तरंगत्या व्हॉल्व्हच्या आधी हाताने बंद करण्याची तोटी असलीच पाहिजे, आणि गाडी उभी केली की ती बंद केली गेली पाहिजे. वरच्या टाकीतून थेट इंजिनाला इंधन देण्याची कल्पना तर पूर्णपणे बाद आहे. अमेरिकेतील व्यावसायिक वाहनांच्या संघीय नियमांत गुरुत्वाने किंवा वक्रनलिकेने (सायफनने) थेट कार्ब्युरेटरला वा इंजेक्टरला इंधन देण्यास स्पष्ट मनाई आहे, कारण नळी तुटली तर प्रवाह थांबवायला काहीच उरत नाही.

पंपाने इंधन हलवणारी रचना मला अधिक भरवशाची वाटते. तिच्यातही माणसाची विसरभोळी सवय आड येते : पंप चालू केला, बोलण्यात लक्ष गेले आणि मूळ टाकी उतू गेली. मूळ टाकीची पातळी ओळखून स्वतः बंद होणारा नियंत्रक असेल तरच पंप घ्यावा. हे काम गाडी चालवताना बटण दाबून आठवणीवर सोडण्याचे नव्हे.

‘पेट्रोल असो वा डिझेल’ या वाक्यावर फार लिहिण्याची गरज नाही, ते सरळ चुकीचे आहे. डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी जमण्यासाठी त्याचे तापमान साधारण 52 ते 55 अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते, तर पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. शिवाय आजच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाची वाफ कोळशाच्या डब्यात अडवणारी बंद यंत्रणा असते आणि गाडीचा संगणक तिची गळती तपासत असतो. त्या यंत्रणेला भोक पाडून जोडलेली दुसरी टाकी म्हणजे डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा आणि हौद्यातील पेट्रोलची वाफ, दोन्ही एकदमच. बाजारात मिळणारे गुरुत्वावर चालणारे जोडसंच प्रामुख्याने डिझेलसाठी असतात, ते याच कारणाने. पेट्रोलचे सुटे कॅन हौद्यातील प्लॅस्टिक अस्तरावर ठेवून भरणे हाही त्यावरचा उपाय नाही. अस्तरामुळे कॅनवरील स्थिर विद्युतभार जमिनीत उतरत नाही आणि नोझल जवळ येताच ठिणगी पडू शकते. कॅन नेहमी जमिनीवर ठेवूनच भरावा.

टाकी कायम काठोकाठ भरलेली ठेवण्याच्या सल्ल्यात दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली प्रसरणाची. डिझेल दर अंशाला सुमारे 0.083 टक्के फुगते, म्हणजे पहाटेच्या गारव्यात भरलेले 200 लिटर दुपारी 30 अंशांनी तापले की 5 लिटर वाढतात, आणि त्यांना जागा हवी. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी नियमांत 1973 पासून बनलेल्या टाक्या 95 टक्क्यांहून अधिक भरताच येऊ नयेत अशी रचना सक्तीची आहे, ती याचसाठी. दुसरी चूक साठवणुकीची. ट्रेलर वर्षातून मोजक्या वेळा बाहेर काढणाऱ्याच्या टाकीत डिझेल महिनोन्महिने पडून राहते. तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, आणि त्यांचा चिकट गाळ फिल्टर तुंबवतो. आजच्या डिझेल इंजिनांत इंजेक्टरला 2,000 बारच्या घरातील दाबाने इंधन जाते, तेथे पाण्याचा थेंबही महागात पडतो. उन्हाळ्यात भरलेले डिझेल कडक थंडीत मेण धरते, हे वेगळेच. भरलेल्या टाकीत दव कमी धरते हे खरे असले, तरी त्याचा उपाय इंधन वापरत राहणे हा आहे, साठवून ठेवणे हा नव्हे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी तर डिझेलसाठी वापरूच नये, कारण जस्त डिझेलमध्ये उतरते आणि इंजेक्टरवर त्याचे थर बसतात.

एका दमात 1,500 किलोमीटर जाता येते, असेही या सल्ल्यात मोठ्या अभिमानाने सांगितलेले असते. ट्रेलरसह ताशी 85-90 किलोमीटरने साडेचारशे किलोमीटर जायला पाच तास लागतात. युरोपीय संघात अवजड वाहनांच्या चालकाला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि ती मर्यादा रोज हेच काम करणाऱ्या माणसांसाठी आहे. विश्रांतीला थांबणे आलेच, तर टायर, हिचची साखळी आणि चाकाच्या तुंब्याचे तापमान हाताने पाहणेही तेव्हाच होते. जादा टाकीचा खरा उपयोग न थांबण्यात नाही. कोठे थांबायचे हे आपण ठरवू शकतो, आणि दूर दूर पंप नसलेल्या पट्ट्यातून निर्धास्त जाऊ शकतो, यात तो आहे. त्यासाठी 80-100 लिटर जादा पुरतात. मूळ टाकी काढून तिच्या जागी चासीखाली बसणारी मोठी टाकी मिळत असेल, तर मी तिलाच पसंती देईन : वजन खाली राहते, हौदा मोकळा राहतो, आणि दोन टाक्यांमधील जोडणीचा प्रश्नच उरत नाही.

शेवटचा मुद्दा चार बोल्टांचा. जोरदार समोरच्या धडकेत गाडीचा वेग ज्या दराने घटतो तो गुरुत्वाच्या 20 पट होऊ शकतो, आणि तेव्हा 230 किलोंची टाकी केबिनच्या दिशेने साडेचार टनांहून अधिक जोराने ओढली जाते. हौद्याच्या पातळ पत्र्यातून काढलेले बोल्ट साध्या वॉशरसकट पत्रा फाडून निघतात, म्हणून ते चासीला किंवा खालून लावलेल्या जाड पट्ट्यांना धरलेले हवेत. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली झोपून वर काय आहे ते पाहावे, कारण बहुतेक पिकअपमध्ये मूळ टाकी आणि ब्रेकच्या नळ्या हौद्याच्या तळापासून काही बोटांच्या अंतरावर असतात. आणि नळी जेथे पत्र्यातून खाली उतरते, तेथे भोकाच्या धारेला रबरी कडे बसवावे. ते नसेल तर हौद्याच्या थरथरीने पत्रा नळीला करवतीसारखा घासत राहतो, आणि वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पहिल्या लांब प्रवासानंतर बोल्ट पुन्हा आवळताना त्या जागी नळीवरून बोट फिरवावे. चर लागला तर नळी बदलेपर्यंत तोटी बंद ठेवावी.