मच्छर जगवायचे असतील तर एवढं कराच

पऱ्हाटी कमरेला लागली, पाऊस जरा उघडला, म्हणजे आपल्या यवतमाळकडच्या गावांत तापाचा हंगाम सुरू. अशा वेळी काय काय करावं, याबद्दल गेल्या आठवड्यात माझं ज्ञान फार वाढलं. ते तुम्हाला फुकटात देतो.

आधी कुलर. उन्हाळा सरला म्हणून तो आत घ्यायची घाई करू नका. खिडकीशी राहू द्या, खस सडू द्या, तळातलं पाणी तर उपसूच नका. डेंगूचा मच्छर नालीच्या घाणीत जात नाही, त्याला असंच साचलेलं चांगलं पाणी आवडते. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा असं आशाताई सांगते. तुम्ही हो म्हणा आणि चहा पाजा. पाणी काढलंच, तर निदान टाकी घासू नका. अंडी काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पुढच्या पाण्यात त्यांचं भलं होईल.

संडासाच्या गॅस पाइपाला जाळी बांधू नका, फार खर्च येतो.

टाक्यात गप्पी मासे सोडू नका, अळ्या खातात बिचाऱ्या.

ताप घरोघरी पसरला की ग्रामपंचायतीत जाऊन धुराच्या मशीनसाठी भांडा. धुरानं उडते मच्छर तेवढे मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. पण फोटो छान येतो.

आणि हे सगळं करूनही मच्छर चावत असतील, तर रामबाण उपाय आमच्या शेजारच्या भाऊकडे आहे. पऱ्हाटीवर मारून उरलेलं औषध. पंप पाठीवर, अंगात बनियान, तोंडाला काही नाही. दोन घरांच्या मधली नाली, भिंत, ढोरांचा कोठा, आमच्या सैपाकघराच्या खिडकीखालचा कोपरा, सगळं यथासांग फवारलं. मी म्हटलं, भाऊ, हे घराजवळ मारायचं औषध नाही. तर म्हणतो, "मच्छर काय, मच्छराचा बाप मरते बापा! तुमी काऊन भेता?" वास दाराखालून आत आला, आईला मळमळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. नालीत चोच मारणाऱ्या आमच्या दोन कोंबड्या संध्याकाळपर्यंत आडव्या. त्यावर उत्तर काय, "बीमारी आली असन." मग पंप धुतला कुठं? हापशीवर! ओट्यावरून दुधासारखं पांढरं पाणी वाहत होतं आणि पलीकडे बाया गुंड लावून उभ्या.

मच्छर मात्र रात्री होतेच.

आता मला उपरोध जमत नाही, सरळच बोलतो. याच जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. उघड्या शेतात, वाऱ्यात गेली. त्यांच्यासाठी आपण मोर्चे पाहिले, पंचनामे पाहिले, आणि तेच विष आता रांगतं पोर जिथं हात लावते तिथं मारता? डब्यावर त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. एवढं वाचायला शाळा लागत नाही, डोळे लागतात. शेतातलं औषध शेतात. मच्छरासाठी काय टाकायचं ते आरोग्य उपकेंद्रात विचारा, टाक्यात टाकायचं वेगळं औषध त्यांच्याकडून मिळते, आणि तेही त्यांनी सांगितलेल्या मापानं. नाली तुंबली असेल तर फावडं घ्या आणि वाहती करा, पाणी साचलंच तर जळकं ऑइल टाका. टायर उलथवा, रांजणाला फडकं बांधा, दुपारी झोपणाऱ्या लेकरालाही मच्छरदाणी लावा, कारण डेंगूचा मच्छर दिवसाच चावते. यात कोणतं काम अवघड आहे? एकही नाही. फक्त ते दर आठवड्याला करावं लागते, आणि तेच तर तुमच्या जिवावर येते!

आणि भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर उठा. तो उरलेला डबा तुमच्या माजघरात लोणच्याच्या बरणीजवळ ठेवलेला मी काल पाहिला. आधी तो तिथून हलवा आणि कुलूप लावा.